चालत मावशी

निवृत्त झाल्यावर मी चालायला लागले ती तब्येतीसाठी नव्हे, रागाच्या भरात. शाळेत माझा निरोपाचा चहा चालू होता. मराठीच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, आयुष्यभर भूगोल शिकवलात, आता जरा फिरून या." त्यावर पीटीचे सर समोशाचा घास तोंडात घोळवत म्हणाले, "मॅडम? त्या तर बस स्टँडलेही ऑटोनं जातेत." सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले, घरी आले आणि त्याच आठवड्यात बूट घेतले.

आमच्या वर्धा जिल्ह्यात काही हौशी मंडळींनी एक लांबलचक पायवाट आखली आहे. ती कारंजा घाडगेला सुरू होते आणि जिल्हा तिरपा कापत गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीला जाऊन टेकते. बांधलेलं असं काहीच नाही. शेतांचे धुरे म्हणजे बांध, बैलगाडीच्या पांदणी, पाटाचे काठ, जंगलाच्या कडेची वाट, असे तुकडे जोडलेत आणि दगडांवर, विजेच्या खांबांवर पिवळे बाण काढलेत. बाण दिसेल तिकडे चालायचं आणि रात्री शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळाच्या सभामंडपात आडवं व्हायचं. घरून निघताना आमचे हे एवढंच म्हणाले, "पोचली की कळवजो." नवऱ्याच्या त्या वाक्याने पुढे काय घोळ घातला ते येईलच.

पहिलाच बाण सापडेना. कारंज्याच्या हायवेवर ट्रक धडाधडा जात होते आणि मी नकाशा उलटासुलटा करत उभी होते. ढाब्यामागच्या खांबापाशी माकडटोपी घातलेला एक म्हातारा हाताची घडी घालून उभा होता. खांबाला एक म्हैस अंग घासत होती.

"बाण शोधून राह्यल्या का?" त्याने विचारलं. "हिच्या मागं हाय. ती हटली की दिसते."

"हाकला ना मग तिला."

"काऊन? तिची खाज झाली की जाईन तीच."

हे बडेबाबू. तहसील कचेरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. तिथे सगळे बडेबाबू म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. माणसांनी थांबायचं आणि काम आपोआप व्हायचं, हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता. म्हशीची खाज काही संपेना. तेवढ्यात पाठीवर बॅग आणि हातात संत्र्यांची थैली घेतलेला तिशीतला एक मुलगा आला, म्हशीच्या पाठीवर थाप मारली, "हट वो माय," म्हणाला, आणि बाण दिसला. मग त्याने आम्हा दोघांना एकेक संत्रं दिलं. आमची ओळख ती इतकीच, पण ती पुरली. त्या दिवसापासून तो आमचा संत्रेवाला झाला, मी त्याची मावशी झाले आणि बडेबाबू काका.

संत्रेवाल्याची गोष्ट पहिल्याच मुक्कामी कळली. नागपूरजवळच्या एका कंपनीत तो कामाला होता. वडील गेल्यावर नोकरी सोडून घरची संत्र्याची बाग सांभाळायला आला, आणि तिथून त्याच्या लग्नाचं घोडं अडलं ते अडलंच. मुलगा शेती करतो म्हटलं की मुलीच्या बापाचा चेहरा पडायचा. शेवटी आईने नवस केला की पायी गिरडला येते, पण पोराचं जमू दे. मात्र नवस बोलली ती आई, आणि पायी निघाला पोरगा.

"तिचे गुडघे दुखतेत," तो म्हणाला. "म्हणते, तुह्यासाठीच तं बोलली, तूच जाऊन ये."

"आता कुठे बघायला जाणार आहेस का?" मी विचारलं.

"नाई. आता कोणाच्या घरी जाऊन पोहे खाणार नाई. आमच्याकडून बोलणारं कोणी नाई मावशी. आई अन् मी दोघंच जातो. आई रडते अन् मी पोहे खातो."

बडेबाबू एवढे हसले की त्यांना उचकी लागली. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आपण याच्या आईच्या जागी असतो तर एखाद्या मुलीच्या बापाला चांगलं खडसावलं असतं, असा विचार मी पथारीवर पडल्या पडल्या केला.

चालताना माणूस लवकर उघडा पडतो. बूट काढल्यावर लपवण्यासारखं फारसं उरत नाही. माझा चिडका स्वभाव दुसऱ्या दिवशी दुपारीच कळला. मी नकाशा वाचून एक जवळची वाट काढली आणि आम्ही तिघं एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात शिरलो, तिथून बाहेर पडायला वाटच नव्हती. संत्रेवाला म्हणाला, "मावशी, जरासं मागं जाऊ." मी म्हटलं, "नकाशा बरोबर आहे, वावर चुकलंय." आणि बडेबाबू म्हणाले, "मी मागं जात नसतो."

हा त्यांचा नियम होता. एकदा टाकलेलं पाऊल मागं घ्यायचं नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते वावर आम्ही काट्यांच्या कुंपणातून ओलांडलं आणि बडेबाबूंची माकडटोपी तिथेच बाभळीला लटकून राहिली. हात मागं केला असता तर मिळाली असती. पुढे एका देवळात ते रात्री काढून ठेवलेली दातांची कवळी विसरले. आठवण झाली तोवर आम्ही पाऊण तास पुढे आलो होतो. संत्रेवाला म्हणाला, मी पळत जातो. बडेबाबूंनी त्याचा दंड धरला आणि बोळक्याने ठणकावलं, "वाफथ नाई जायथं!" तो दिवस त्यांनी संत्र्यांच्या रसावर आणि भिजवलेल्या बिस्किटांवर काढला. संध्याकाळी देवळातल्या पुजाऱ्याने कवळी वर्तमानपत्रात गुंडाळून दूधवाल्याच्या मोटारसायकलवरून पुढच्या गावी पाठवली. पुडी उघडताना बडेबाबूंचा चेहरा असा होता, जणू मागे फिरणारे सगळे मूर्ख असतात हे आज कागदोपत्री सिद्ध झालं.

असे आम्ही भांडत, सोलत, खात जामपर्यंत आलो. जामच्या चौकात चहा घेतला, मोठा रस्ता ओलांडला आणि पुन्हा शेतांत शिरलो. तूर उभी होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. गिरड आता टप्प्यात होतं. त्याच दुपारी एक गाव लागलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या घरच्यांनी हात जोडून तसं सांगितलं आहे.

गावाच्या तोंडावर एका घराच्या भिंतीवर पिवळा बाण होता. आतापर्यंतचे बाण म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखे. हा मात्र जाडजूड, ठसठशीत, खालून रंगाचा ओघळ आलेला. पुढच्या कोपऱ्यावर तसाच दुसरा, त्यापुढे तिसरा. "बघा," मी म्हटलं, "या गावात कोणाला तरी बाण काढता येतो." शेवटचा बाण सरळ एका अंगणात शिरत होता. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ दारात उभे. आम्हाला पाहताच ते पुढे धावले.

"या, या पाहुणे! उशीर झाला. वाट चुकले का जी?"

"चुकतो कशाला?" मी म्हटलं. "बाण किती छान काढलेत."

ते खूश झाले. "मीच काढले. पोळ्याले बैलांच्या शिंगाचा रंग उरला होता. मागच्या खेपेचे लोकं भलतीकडंच गेलते ना!"

आता मला सांगा, यात मला काय वेगळं कळायला हवं होतं? मला वाटलं, हे पायवाटेचे स्वयंसेवक. मी म्हटलं, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचं चालणं चाललंय." ते जरा गोंधळले. "पायी आले?" "मग? पायीच." त्यांनी आत तोंड करून बायकोला हळूच सांगितलं, "गाडी बिघडली असन."

खुर्च्यांवर नवीकोरी चादर टाकलेली होती. पाय धुवायला बादली आली. बडेबाबूंनी बूट काढले आणि टाचेला मोठा फोड आलेला पाय त्या बादलीत जो बुडवला तो काढलाच नाही. मग पोहे आले. बडेबाबूंनी बशी हातात घेताच खायला सुरुवात केली. मीही घास घेतला. संत्रेवाला मात्र बशीकडे टक लावून बघत होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"मावशी," तो कुजबुजला, "हे पाहण्याचे पोहे हाय."

"म्हणजे काय?"

"तर्री नाई. तर्री कपड्यावर सांडते म्हणून पाहण्याच्या पोह्यावर देत नाई. वरतून डाळिंबाचे दाणे, बारीक शेव, बाजूले पेढा. अन् बशी काचेची. मावशी, उठा."

नागपूर-वर्ध्याकडे पोह्यांवर हरभऱ्याची तिखटजाळ तर्री नाही म्हणजे सरळ अपमान. मी बशीकडे पाहिलं. खरंच कोरडे ठणठणीत पोहे, डाळिंबाने सजवलेले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे लोक मुलगी दाखवायला बसले होते, आणि त्यांच्या मुलाकडचे पाहुणे आम्ही झालो होतो.

मी उभी राहिले. "अहो, ऐका जरा, आमचा थोडा..."

"बसा हो ताई. आधी खाऊन घ्या, बोलणं मग होतच राह्यते," गृहस्थ म्हणाले आणि मला जवळजवळ खुर्चीत ढकललं. मग बडेबाबूंकडे वळले. "मुलगा कंपनीतच हाय ना?"

बडेबाबूंना अजून कशाचाच पत्ता नव्हता. माणूस आपुलकीने चौकशी करतोय, एवढंच त्यांना कळलं. "होता जी. सोडली कंपनी. आता संत्र्याची बाग हाय."

"सोडली?" गृहस्थ सटपटले. "मध्यस्थ तं काई बोलला नाई."

"मध्यस्थ कशाले पायजे? आम्ही रोज सरळ याच्या हातून खाऊन राह्यलो. एक नंबर माल!"

मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा माझ्या बशीत पोहे वाढले गेले. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा आतून चहाचा ट्रे घेऊन मुलगी आली.

मोरपंखी साडी, कपाळावर आठी. नजर खाली होती, पण ती लाजेने नव्हे. ती दाराजवळचे आमचे चिखलाचे बूट, काठ्या आणि बॅगा बघत होती. मग तिने संत्रेवाल्याकडे पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि तिने तो लगेच आवरला. ट्रे टेबलावर ठेवून ती बडेबाबूंच्या बादलीकडे वाकली.

"काका, फोड फुटला का?"

"काल फुटला."

"पाय वर करा."

"अवं, आज राहू दे ना," तिचे वडील कासावीस होऊन म्हणाले.

"जखम उघडी हाय बाबा." ती गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. आतून तिने पेटी आणली, जमिनीवर बसली आणि बडेबाबूंचा पाय त्या मोरपंखी साडीवर घेतला. "मोजे कधीचे हायत?"

बडेबाबूंनी विचार केला. "कारंज्याचे."

तेवढ्यात इतका वेळ मुका झालेला संत्रेवाला बोलला. "मी रोज म्हणतो त्याहिले, मोजे धुवा. ऐकतच नाई."

"तुम्ही धुता?"

"धुतो."

"दाखवा."

आणि या मुलाने बॅगेला पिन लावून वाळत घातलेले आपले मोजे काढून तिच्यासमोर धरले. मी बरीच लग्नं जमताना आणि मोडताना पाहिली आहेत. मुलीला स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का विचारतात. मुलाने मोजे दाखवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. तिने ते उलटून पाहिले आणि म्हणाली, "ठीक हाय." संत्रेवाल्याचे कान लाल झाले. आपण कशात सापडलो आहोत हे तो विसरला होता. बशीतले पाहण्याचे पोहे आता तो आनंदाने खात होता.

वडिलांचा फोन वाजला. ते अंगणात गेले, "बरं, बरं" म्हणाले आणि परत आले तेव्हा पांढऱ्या शर्टातला माणूस एकदम थकल्यासारखा दिसत होता. "मध्यस्थाचा फोन होता," ते बायकोला म्हणाले. "ते पाहुणे येऊन नाई राह्यले. त्याहिचं दुसरीकडं जमलं." मग त्यांची नजर सावकाश आमच्यावरून फिरली. "मग तुम्ही कोण जी?"

मुलीच्या मांडीवर पाय टाकून बसलेले बडेबाबू प्रसन्नपणे म्हणाले, "आम्ही? आम्ही गिरडले चाललो."

पहिली हसली ती मुलगी. "बाबा, हे पिवळ्या बाणावाले पायी जाणारे लोकं. उपकेंद्रात येतेत ना फोड घेऊन, ते."

"तुले माहीत होतं?"

"बूट पाहूनच समजलं."

"मग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही कोणाले बोलू देऊन राह्यलते का?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने आमच्या रिकाम्या बशांकडे पाहिलं. "अन् पोहे?"

"फार चांगले होते वहिनी," बडेबाबू म्हणाले. "फक्त तर्री पायजे होती."

मग जे हसणं सुटलं ते बराच वेळ थांबेना. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. आम्ही क्षमा मागितली, त्यांनी पुन्हा चहा टाकला. निघताना अंगणात वडील गाईच्या खुंट्याकडे बघत अगदी सहज विचारल्यासारखं बोलले, "पोराचं कुठं जमलं नाई का अजून?"

"नाई ना," बडेबाबू म्हणाले.

"पोरगा बरा वाटते."

मुलगी दारात पट्टीचं बंडल उगाच गुंडाळत होती. संत्रेवाला आपल्या बुटांकडे बघत होता. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण आमच्यात वडीलधारी बाई मीच. आणि मी काय बघत होते? मी ऊन बघत होते. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, एवढंच माझ्या डोक्यात. मी काठी उचलली आणि नवऱ्याचं ते वाक्य तोंडात बसल्यामुळे, रोज कोणाचाही निरोप घेताना म्हणते तसं, मोठ्या उत्साहाने म्हटलं, "बरं, येतो आम्ही. पोचलो की कळवतो!"

आईचा चेहरा मिटला. वडील म्हणाले, "हो. कळवजा," आणि फाटक लावून घेतलं.

मला काहीच कळलं नाही. मी पुढे, दोघं मागे. मी उपकेंद्रावर बोलत होते, तुरीवर बोलत होते, मागून फक्त काठ्यांची टकटक येत होती. एका नाल्यावर बुटका रपटा होता, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. त्यावर संत्रेवाला पाय सोडून बसला.

"मावशी, तुम्ही नकार देऊन आल्या."

"मी? कधी?"

"कळवतो म्हटलं ना तुम्ही."

"अरे, गिरडला पोचल्याचं कळवतो म्हटलं मी!"

"त्याहिले काय माहीत? ते पोरीवाले. त्याहिनं विचारलं, अन् तुम्ही म्हटलं कळवतो. मले आजवर नाई असं कोणीच म्हटलं नाई. सगळे कळवतोच म्हणतेत. एका घरी मी येड्यावानी विचारलं, कधी कळवान? तं ते हसले." तो पाण्याकडे बघत राहिला. "मले वाटलं, तुमच्याच मनात नाई. तुम्ही शिकलेल्या, पोरगी सरकारी नोकरीत. तुम्हाले वाटलं असन, हा काय शोभते तिले."

इतकं वाईट मला स्टाफरूमच्या हसण्याचंही वाटलं नव्हतं. आई रडते अन् मी पोहे खातो, असं म्हणणाऱ्या या मुलाकडून बोलायला पहिल्यांदा कोणीतरी होतं, आणि ते कोणीतरी असं बोलून आलं होतं. मला स्वतःचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि एकाच शब्दात होकार, नकार आणि पोचल्याची खबर कोंबणाऱ्या मराठी भाषेचा तर फारच आला. चिडले की माझी शाळेतली भाषा गळून पडते. मी ओरडले, "अबे येड्या, मग तिथंच काऊन नाई बोलला! ऊठ!"

"कुठं?"

मी उत्तर द्यायच्या आत बडेबाबू उठले. पट्टी बांधलेला पाय बुटात नीट बसत नव्हता, म्हणून त्यांनी बुटाची मागची बाजू दाबून त्याची चप्पल केली, काठी टेकली आणि ते मागे वळले. ज्या माणसाने टोपीसाठी हात मागे केला नव्हता, दातांसाठी पाऊल मागे टाकलं नव्हतं, तो आलेल्या वाटेने लंगडत चालू लागला.

"तुम्ही बसा इथे," मी म्हटलं. "आम्ही दोघं जाऊन येतो."

"तुम्ही बोलान तं पुन्हा घोळ करान," ते न थांबता म्हणाले. "चला."

घरापाशी पोचलो तेव्हा पांढरा शर्ट बदलून बनियन घातलेले वडील गल्लीच्या कोपऱ्यावर उभे होते. हातात रॉकेलचा बोळा होता आणि ते भिंतीवरचा बाण पुसत होते. बाणाचं टोक गेलं होतं, दांडा तेवढा राहिला होता.

"पुसू नका!" मी लांबूनच ओरडले. शेजारच्या दोन घरांतून माणसं बाहेर आली. "आम्ही नकार नाई दिला! मले नीट बोलता येत नाई. मी भूगोलाची मास्तरीण हावो. पोरगी आमच्या मनात हाय. पोराच्याही मनात हाय. त्यानं तिले मोजे दाखवले, आणखी काय दाखवावं?"

ते बोळा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही पोराच्या कोण?"

"मावशी."

"सख्खी का चुलत?"

"चालत," मी म्हटलं.

त्यांना एक क्षण लागला. मग ते शेजारच्या घराच्या पायरीवर बसले आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. तोवर मुलगी फाटकात आली होती. साडी बदलून रोजचा पंजाबी ड्रेस घातला होता. तिने संत्रेवाल्याला सरळ विचारलं, "तुमचं घर कारंज्याले ना? मग आम्ही घर पाह्यले येतो. पण पायी. हे लोकं येवढे फोड कुठून आणतेत, ते मले पाहायचं हाय."

दुसऱ्या दिवशी गिरडच्या टेकडीवर संत्रेवाल्याने डोकं टेकवून आईचा नवस फेडला. बडेबाबूंनी वरपर्यंत प्रत्येक पायरीला एकदा तिचं नाव विचारलं आणि प्रत्येक पायरीला तो म्हणाला, "विचारायचं राह्यलं."

पुढच्या महिन्यात आम्ही उलट्या दिशेने निघालो. मी, बडेबाबू, ती आणि तिचे वडील. एक अडचण निघाली. बाण सगळे गिरडकडे जाणाऱ्यांसाठी काढलेले. उलटं चालणाऱ्याला प्रत्येक फाट्यावर पुढे जाऊन, मान वळवून, आपण बाणाच्या टोकाकडून आलो का ते बघावं लागतं. बडेबाबूंची मान दोन दिवसांत आखडली. तिने त्यांच्या मानेला बाम चोळला, वाटेवरच्या प्रत्येक दगडाला नावं ठेवली, माझ्या नकाशाची घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि रोज रात्री सगळ्यांचे मोजे तपासले. कारंजा आलं तेव्हा मला बरं वाटण्याऐवजी चुटपुट लागली. हिला आवडलं नाही तर? या पोराने पुन्हा घरी बसून वाट पाहायची?

तिने घर पाहिलं, विहीर पाहिली, झाडाखाली उभी राहून दोन संत्री खाल्ली. त्याच्या आईच्या गुडघ्यांना हात लावून पाहिला. मग ओसरीत येऊन विचारलं, "इथलं उपकेंद्र किती दूर हाय?"

"गाडीनं पंधरा मिनिटं," संत्रेवाला म्हणाला. "काऊन? कोणाले बरं नाई का?"

"बदलीचा अर्ज टाकून पाहतो मी," ती म्हणाली.

त्याने विचारलं, "कशाची बदली?"

बडेबाबूंनी आखडलेल्या मानेसकट अख्खं अंग त्याच्याकडे वळवलं. "अबे गाढवा! सरकारी माणूस बदलीचा अर्ज टाकतो म्हणते, त्याच्यापुढं आणखी कोणता होकार असते?"

त्याची आई रडली, पण या वेळी तिच्या शेजारी बसून कोणी पोहे खात नव्हतं. संत्रेवाल्याने तोंड फिरवलं आणि बराच वेळ विहिरीत काहीतरी बघत राहिला. मी गेले नाही त्याच्याजवळ. मला माझंच तोंड पुसायचं होतं.

संध्याकाळी लांबचे भाऊबंद जमले. ओसरीत दोन सतरंज्या टाकल्या, एक मुलाकडच्यांची, एक मुलीकडच्यांची. सुपारी फुटायची होती. संत्रेवाल्याच्या कोणी काकू कुंकवाची वाटी घेऊन आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. "बाई, तुम्ही कोणाकडच्या? मुलाकडच्या का मुलीकडच्या?"

आयुष्यभर पोरांना दिशा शिकवल्या, पण मला सांगता येईना. ओसरीच्या या टोकावरून तो म्हणत होता, "मावशी, इकडं या," आणि त्या टोकावरून ती हात करत होती, "मावशी, इथं जागा हाय." मी काकूंना म्हटलं, "लावा कुंकू, कोणाकडचंही," आणि दोन सतरंज्यांच्या मधे जी वीतभर मोकळी शहाबादी फरशी होती, तिच्यावर बसले. फरशी चांगलीच गार होती. थोड्या वेळाने बडेबाबू दोन्हीकडची माणसं न्याहाळत आले आणि माझ्यापाशी उभे राहिले.

"मॅडम, सरका थोडं," ते म्हणाले, आणि मी सरकले.